दाव्यांचं दप्तर

६ मे १९५३ रोजी गुहागर तालुक्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी फळ्या बांधून पायाला तात्पुरता आधार दिला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, दौंडला त्यांचा व्यवसाय होता. मुलाला टॅक्सीत घालून दोनशे मैलांवरच्या पुण्याला आणण्यात आलं. त्या प्रवासाला अकरा तास लागले. ९ तारखेला तो एका नामांकित अस्थिशल्यविशारदांच्या रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्यायची होती, दिलं गेलं एकच. पूर्ण भूल न देता पाय ओढून हाड जुळवण्यात आलं, संध्याकाळी प्लास्टर चढलं आणि रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला.

रुग्णालयाचं म्हणणं होतं की रक्तात चरबीची गुठळी झाल्याने मृत्यू ओढवला. वडील डॉक्टर असल्याने त्यांना ते पटलं नाही. दावा पुण्याच्या कोर्टात लागला, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. भूल न देता जोर लावून हाड बसवल्याच्या धक्क्याने मुलगा दगावला, हा निष्कर्ष तिन्ही ठिकाणी कायम राहिला. शेवटचा निकाल २ मे १९६८ रोजी लागला, म्हणजे मुलगा जाऊन जवळपास पंधरा वर्षांनी. भरपाई होती तीन हजार रुपये. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला तेव्हापासून कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे, आणि वर दिलेला प्रत्येक तपशील आज कुणालाही घरबसल्या, फुकटात वाचता येतो.

याचा अर्थ डॉक्टरांवरच्या दाव्यांची माहिती आपल्याकडे खुली आहे, असा कुणी काढला तर तो साफ चुकेल. आपण वाचतो ते एका हट्टी बापाने शेवटपर्यंत नेलेलं प्रकरण. १९५४ साली दोन्ही बाजूंच्या वकिलांनी बसून मिटवलं असतं, तर आज एक ओळही हाती लागली नसती. कोर्टाच्या दप्तराचं हे लक्षण सगळ्या जगात सारखं आहे: त्यात भांडण किती मोठं होतं ते दिसत नाही, ते कुणी किती लांब ओढलं ते दिसतं. ‘ज्या डॉक्टरांकडून मी उद्या ऑपरेशन करून घेणार, त्यांच्यावर याआधी कुणी दावा लावला होता का?’ हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका साधा नाही. या प्रश्नाचं उत्तर एका जागी गोळा करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेने केला, आणि गोळा करून झाल्यावर त्याला कुलूप घातलं.

त्याची सुरुवात झाली ओरेगन राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया नावाच्या छोट्या गावात. गावात रुग्णालय एकच, आणि तिथले बहुतेक डॉक्टर एकाच खासगी क्लिनिकचे भागीदार किंवा नोकर. पॅट्रिक नावाच्या शल्यविशारदांनी या क्लिनिकची भागीदारी नाकारून स्वतःचा दवाखाना थाटला. काही वर्षांनी रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या समितीने त्यांच्या कामाची चौकशी आरंभली; रोग्यांची हेळसांड होते, असा ठपका होता. चौकशी करणारे तेच प्रतिस्पर्धी. पॅट्रिक कोर्टात गेले. ज्युरीने साडेसहा लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि स्पर्धाविरोधी कायद्याच्या नियमाने ती तिप्पट झाली. सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली. देशभरचे डॉक्टर मात्र ज्युरीच्या निकालापासूनच धास्तावले होते. सहकाऱ्याच्या चुकीवर बोट ठेवलं तर आपलंच घरदार विकावं लागेल, तर मग समितीवर बसायचं कुणी?

ओरेगनचेच खासदार रॉन वायडन यांनी यावर १९८६ मध्ये कायदा आणला. त्यात देवाणघेवाण होती. सद्भावनेने सहकाऱ्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना दाव्यांपासून संरक्षण मिळालं; त्या बदल्यात एक राष्ट्रीय साठा उभा राहिला, नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक. हेतू सरळ होता. एका राज्यात हात पोळले की डॉक्टर शेजारच्या राज्यात जाऊन नवी पाटी लावत. तिथे पाटी वाचणाऱ्याला मागचं काही ठाऊक नसे.

१ सप्टेंबर १९९० पासून ही बँक चालू आहे. एखाद्या डॉक्टरच्या वतीने, लेखी मागणीवरून, भरपाईपोटी एक डॉलर जरी दिला गेला तरी पैसे देणाऱ्या विमा कंपनीने तो तिथे कळवायचा. परवाना निलंबित झाला, रुग्णालयाने तीस दिवसांहून अधिक काळ काम करायला मनाई केली, तर तेही कळवायचं. रुग्णालयाने नवा डॉक्टर घेताना आणि पुढे दर दोन वर्षांनी ही नोंद तपासलीच पाहिजे. डॉक्टर स्वतःची नोंद पाहू शकतो, तिच्यावर हरकत घेऊ शकतो, आपलं म्हणणं जोडू शकतो. राज्यांची परवाना मंडळं ती पाहू शकतात. रोगी पाहू शकत नाही. त्याच्या वकिलालाही जवळजवळ मज्जाव आहे: डॉक्टर आणि रुग्णालय दोघांवर दावा लावलेला असेल आणि रुग्णालयाने तपासणी करायची चुकवली हे दाखवता आलं, तर एवढ्यापुरती खिडकी उघडते.

कुलपाला पळवाटाही लगेच फुटल्या. नोंद व्यक्तीच्या नावावर होते, संस्थेच्या नाही. तेव्हा तडजोडीच्या वेळी वकील दाव्यातून डॉक्टरचं नाव वगळून घेतात, पैसे रुग्णालय भरतं आणि बँकेपर्यंत काही पोचत नाही. डॉक्टरने पैसे पदरचे दिले तरी नोंद होत नाही. दंतवैद्यांच्या संघटनेने त्यासाठी सरकारशी भांडून १९९३ मध्ये तसा निकालच मिळवला. तीस दिवसांच्या मर्यादेचं काय होत असेल, हे हिशेब येणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

२००० साली व्हर्जिनियाचे टॉम ब्लायली यांनी ही बँक जनतेला खुली करण्याचं विधेयक मांडलं. ते प्रतिनिधिगृहाच्या वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे काही लेचेपेचे नव्हेत. मूळ धंदा मात्र अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा, रिचमंडमध्ये घराण्याचाच. योगायोग म्हणायचा आणि सोडून द्यायचा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कडाडून विरोध केला आणि विधेयक बारगळलं.

बँक अगदीच मुकी नव्हती. संशोधकांसाठी ती एक फाइल प्रसिद्ध करे. त्यात डॉक्टरांची नावं नव्हती, पण प्रत्येकाला एक क्रमांक होता आणि एकाच डॉक्टरच्या सगळ्या नोंदी त्या क्रमांकाखाली जोडलेल्या होत्या. जोडीला राज्य, वयाचा गट, रकमेचा ढोबळ आकडा, प्रकरणाचं साल. २०११ मध्ये ‘कॅन्सस सिटी स्टार’चे वार्ताहर अ‍ॅलन बाव्हली यांनी ही फाइल समोर ठेवली आणि शेजारी कोर्टातून काढलेले कागद. त्यांच्या हातात एका मेंदूशल्यविशारदावरचे अनेक दावे होते, तारखांसकट. फाइलमधल्या कोणत्या क्रमांकाच्या ओळी त्या तारखांशी आणि रकमांशी जुळतात ते पाहत गेलं की क्रमांकामागचा माणूस ओळखू येई. इतके दावे होऊनही परवाना मंडळाने त्या डॉक्टरांवर काहीच कारवाई केलेली नव्हती, ही बातमी होती.

बातमी छापून येण्यापूर्वीच सरकारी खात्याचं पत्र आलं: गोपनीय माहितीचा गैरवापर केल्यास अकरा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ‘स्टार’ने बातमी छापली. खात्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं आणि कित्येक वर्षं संशोधकांच्या उपयोगात असलेली फाइलच संकेतस्थळावरून काढून टाकली. पत्रकारांच्या संघटना उठल्या, सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी खात्याला धारेवर धरलं. नोव्हेंबरमध्ये फाइल परत आली, पण अटीसकट: इतर माहितीशी जुळवून कुणाची ओळख पटवायची नाही. कोर्टाचे कागद खुले, फाइल खुली, पण दोन्ही एका टेबलावर ठेवायला बंदी. इतका विनोदी नियम सरकारी कारकुनालाच सुचू शकतो.

बँकेला कुलूप असलं तरी राज्यांनी आपापल्या खिडक्या उघडल्या. मॅसॅच्युसेट्स पहिलं. ‘बॉस्टन ग्लोब’ने दाव्यांच्या नोंदी खणून काढल्यानंतर १९९६ मध्ये तिथे कायदा झाला आणि प्रत्येक डॉक्टरचं शिक्षण, शिस्तभंगाच्या कारवाया आणि मागच्या दहा वर्षांत दिलेल्या भरपाया लोकांना पाहता येऊ लागल्या. रकमेचा आकडा मात्र थेट दाखवायचा नाही असं ठरलं. त्या डॉक्टरच्या शाखेतली सरासरी धरून तिच्यापेक्षा कमी, तेवढीच की जास्त, एवढंच सांगायचं. कॅलिफोर्नियाने वेगळी चाळण लावली: कोर्टाचा निकाल असेल तर तो दिसणार, तडजोड असेल तर तीस हजार डॉलर किंवा अधिक रकमेच्या तीन तडजोडी दहा वर्षांत झाल्या तरच, आणि जोखमीच्या शाखेत चार. फ्लोरिडाच्या मतदारांनी २००४ मध्ये थेट राज्यघटनेतच दुरुस्ती करून रुग्णालयातल्या विपरीत घटनांच्या नोंदी मागण्याचा हक्क मिळवला. दहातल्या आठ मतदारांनी कौल दिला.

या चाळण्या कशासाठी, हे समजून घेतलं नाही तर डॉक्टरांच्या बाजूवर अन्याय होईल. १९८६ च्या कायद्यातच एक वाक्य आहे: भरपाई दिली यावरून हलगर्जीपणा झाला असं गृहीत धरू नये. खटला लढवण्यापेक्षा मिटवणं स्वस्त पडतं तेव्हा विमा कंपनी मिटवते. डॉक्टरचं काही चुकलं होतं की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात आढळलं की मेंदूशल्यविशारदांपैकी १९ टक्क्यांवर दर वर्षी एखादा दावा होतो. जोखमीच्या शाखांमध्ये पासष्टीपर्यंत ९९ टक्के डॉक्टरांवर आयुष्यात एकदा तरी दावा झालेला असतो, आणि कमी जोखमीच्या शाखांतही ७५ टक्क्यांवर. त्यातले बहुतेक, म्हणजे ७८ टक्के दावे एक पैसाही न देता संपतात. ज्या डॉक्टरवर एकदा दावा झाला तो वाईट, असं म्हणायचं ठरवलं तर मेंदूचं ऑपरेशन करायला कुणी उरणारच नाही.

दुसरीकडून पाहिलं तर चित्र आणखी विचित्र दिसतं. हार्वर्डच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ५१ रुग्णालयांतले, १९८४ सालचे तीस हजारांवर केसपेपर तपासले. ३.७ टक्के रोग्यांना उपचारांमुळेच इजा झाली होती, आणि त्यातली चौथाईहून जास्त प्रकरणं हलगर्जीपणाची होती. पण हलगर्जीपणाने इजा झालेल्या शंभर जणांमागे दोघांनीसुद्धा दावा लावलेला नव्हता. म्हणजे दाव्यांच्या यादीत निर्दोष डॉक्टरही सापडतात, आणि ज्यांचं खरोखर चुकलं त्यांतले बहुसंख्य त्या यादीत येतच नाहीत.

मग यादी निरुपयोगी का? तसंही नाही. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी, त्याच कुलूपबंद बँकेतल्या २००५ ते २०१४ या काळातल्या ६६,४२६ भरपाया घेऊन हिशेब मांडला. भरपाई झालेल्या प्रकरणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश प्रकरणं एक टक्का डॉक्टरांच्या नावावर निघाली. एखादा दावा काही सांगत नाही. पाचवा, सहावा सांगतो. मला वाटतं, या सगळ्या विषयात सामान्य रोग्याच्या कामाचा असा एकच आकडा आहे, आणि तो ज्या साठ्यातून आला तो साठा सामान्य रोग्याला बंद आहे.

डॉक्टरांची आणखी एक भीती खरी ठरलेली आहे. हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रोग्यांपैकी किती दगावले, याचे आकडे नावानिशी जाहीर करायला न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने १९९१ मध्ये कोर्टाकडून भाग पाडलं. पेनसिल्व्हेनियानेही असे तक्ते काढले. तिथल्या शल्यविशारदांना १९९६ च्या पाहणीत विचारलं तेव्हा ६३ टक्क्यांनी कबूल केलं की तक्ते निघू लागल्यापासून अत्यवस्थ रोगी हातात घ्यायला आपण कचरतो. आकडा सुधारायचा एक सोपा उपाय असतो: मरणाच्या दारात असलेल्याला दारातूनच परत पाठवायचं.

आता ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण, कारण त्यात कुलूप नव्हतंच. जामनगरला शिकलेले शल्यविशारद जयंत पटेल अमेरिकेत गेले. रोग्यांना न तपासता शस्त्रक्रिया केल्याबद्दल न्यूयॉर्क राज्याने १९८४ मध्ये त्यांना दंड केला. पुढे ते ओरेगनमधल्या पोर्टलंडला गेले. तिथे तक्रारी आणि दावे झाले, त्यांच्या रुग्णालयाने १९९८ मध्ये काही शस्त्रक्रिया करायला मनाई केली, आणि २००० मध्ये ओरेगनच्या वैद्यक मंडळाने त्यांच्या परवान्यावर बंधनं घातली. हा आदेश जाहीर होता. २००३ मध्ये ते क्वीन्सलंडमधल्या बंडाबर्गच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले आणि शल्यविभागाचे प्रमुख बनले.

नोंदणीसाठी त्यांनी ओरेगनचं प्रमाणपत्र जोडलं होतं. त्यावर सार्वजनिक आदेश नोंदीत असल्याचा आणि सोबतचा कागद पाहण्याचा उल्लेख होता. सोबतचा कागद नव्हता. क्वीन्सलंडच्या मंडळात तो कुणीही मागितला नाही. पुढच्या दोन वर्षांत अतिदक्षता विभागाच्या परिचारिका टोनी हॉफमन तक्रारी करत राहिल्या, वरिष्ठ ऐकेनात, तेव्हा त्या स्थानिक आमदाराकडे गेल्या. एप्रिल २००५ मध्ये ‘कुरिअर मेल’चे वार्ताहर हेडली थॉमस यांनी पटेल यांचं नाव गूगलवर टाकलं आणि ओरेगन व न्यूयॉर्कचे आदेश समोर आले. तोवर पटेल अमेरिकेला परतले होते. पुढे त्यांच्यावर खटला चालला, २०१० मध्ये सदोष मनुष्यवधाच्या तीन आरोपांवर शिक्षा झाली, २०१२ मध्ये ती उच्च न्यायालयाने रद्द केली. शेवटी २०१३ मध्ये नोकरीसाठी केलेल्या फसवणुकीची त्यांनी कबुली दिली. नोंद खुली होती. ती पाहणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ती पाहिली नाही.

भारतात काय आहे? अमेरिकेसारखा साठा इथे नाही, कुलूपबंदसुद्धा नाही. भरपाई दिली म्हणून विमा कंपनीने कुठे कळवायचं, असा नियम नाही. आहे ते कोर्टांचं आणि ग्राहक आयोगांचं दप्तर, आणि ते तत्त्वतः सगळ्यांना खुलं आहे.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तोपर्यंत भरवशाची वाट दिवाणी दाव्याचीच होती, आणि दिवाणी दावा म्हणजे काय ते पालशेतच्या प्रकरणात दिसलं. मात्र सगळ्यांना फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय या कायद्याबाहेर राहिलं. म्हणजे जो सर्वांत गरीब रोगी, त्याच्या बाबतीत काय घडलं याची नोंद ग्राहक आयोगाच्या दप्तरात निघणारच नाही.

आता कोल्हापूरच्या एखाद्या गृहस्थांनी आपल्या शल्यविशारदांचं नाव ग्राहक आयोगांच्या संगणकीय यंत्रणेत शोधायचं ठरवलं, तर काय होईल? नाव इंग्रजीत टाकायचं. चौधरी, वैद्य, घाटगे ही आडनावं इंग्रजीत चार-चार तऱ्हांनी लिहितात, आणि तक्रारदाराच्या वकिलाने कोणती तऱ्हा वापरली ते कुणाला ठाऊक? तक्रार कित्येकदा डॉक्टरांच्या नावाने नसते, रुग्णालयाच्या नावाने असते. ‘सामनेवाला क्रमांक दोन’ म्हणून डॉक्टर आत कुठेतरी असतात आणि शोधात येतं ते पहिलं नाव. काही जिल्ह्यांतले आदेश मराठीत असतात, त्यांना इंग्रजी शोध लागत नाही. डॉक्टरांनी आधी मुंबईत किंवा नांदेडला काम केलं असेल तर तिथली दप्तरं वेगळी. आणि एवढं करून जिल्हा आयोगाचा डॉक्टरांविरुद्धचा आदेश सापडलाच, तर तो राज्य आयोगाने फिरवला होता का, हे त्या पानावर लिहिलेलं नसतं. अर्धवट शोधाने गोता खाणारा पहिला माणूस म्हणजे ज्याच्याविरुद्धचा निकाल अपिलात रद्द झाला तो डॉक्टर.

गवताच्या गंजीला कुंपण नाही म्हणून सुई सापडते असं नाही. सापडलीच तर ती टोचते मात्र रोग्यालाही. आपल्या निकालपत्रांमध्ये डॉक्टरांबरोबर रोग्याचं पूर्ण नाव, गाव, वय, आजार, कधी कधी गर्भपात किंवा नसबंदीचा तपशील, सगळं छापलेलं असतं. दप्तर खुलं करा म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात याचा उल्लेख क्वचितच येतो. अमेरिकन बँकेच्या संशोधकांच्या फाइलमध्ये रोग्याचं नाव नाही. इथे ते शीर्षकातच असतं.

या दप्तरात जी प्रकरणं ठळक दिसतात त्यांत आणखी एक गोष्ट नजरेत भरते. अनुराधा साहा यांचा २८ मे १९९८ रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात मृत्यू झाला. त्याआधी कोलकात्यात त्यांच्यावर झालेल्या उपचारांत स्टिरॉइडचा अतिरेक झाला होता. पती कुणाल साहा यांनी पंधरा वर्षं लढा दिला आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५.९६ कोटी रुपयांची भरपाई दिली. व्याज धरून ती अकरा कोटींच्या घरात गेली. भारतातल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या प्रकरणांत इतकी मोठी रक्कम त्याआधी कुणाला मिळाली नव्हती. कुणाल साहा स्वतः डॉक्टर, अमेरिकेत स्थायिक. पालशेतच्या मुलाचे वडील डॉक्टर. केसपेपरवरचं अक्षर ज्याला लागतं, कोणतं औषध किती द्यायला हवं होतं हे ज्याला कळतं, तोच पंधरा वर्षं टिकतो. बाकीचे जिल्हा आयोगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेलाच तडजोड करतात, आणि तडजोडीच्या आदेशात एवढंच लिहिलेलं असतं की उभयपक्षी समेट झाला, सबब तक्रार निकाली.

केसपेपर मिळवणंही इथे भांडूनच साधलं. रोग्याने मागितल्यास कागदपत्रांच्या प्रती दिल्याच पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रहेजा प्रकरणात स्पष्ट केलं. २००२ च्या आचारसंहितेने मुदतही घातली: मागणी केल्यापासून ७२ तास. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी, एवढं मी आवर्जून सांगेन.

उरते वैद्यक परिषद. महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्याखालची परिषद डॉक्टरांची नोंदणी करते आणि तक्रारीही ऐकते. २००२ च्या आचारसंहितेनुसार एखाद्या डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं तर स्थानिक वृत्तपत्रांतून त्याची ठळक प्रसिद्धी करायची आहे. समज देऊन सोडलं तर अशी प्रसिद्धी करण्याचं बंधन नाही, म्हणजे दोनदा समज मिळालेला डॉक्टर आणि कधीच तक्रार न झालेला डॉक्टर रोग्याला सारखेच दिसतात. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध डॉक्टरला राष्ट्रीय पातळीवर अपील करता येतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातल्या कलम ३० मध्ये तक्रारदार रोग्याला मात्र तशी वाट ठेवलेली नाही. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार डॉक्टरांची राष्ट्रीय नोंदवही संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता आली पाहिजे. तिचं नवं पोर्टल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. कायद्याने या नोंदवहीत नाव, पत्ता आणि पदव्या मागितल्या आहेत, दाव्यांचा रकाना मागितलेला नाही.

असा रकाना आपल्याकडे एकाच कागदावर हमखास सापडतो. डॉक्टर व्यावसायिक जबाबदारीचा विमा उतरवतात तेव्हा प्रस्ताव अर्जात मागच्या दाव्यांची माहिती विचारलेली असते: कधी, कुणी, किती रकमेचा, काय निकाल लागला. आपल्या शल्यविशारदांवर याआधी कुणी दावा लावला होता का, याचं उत्तर ते स्वतःच्या सहीनिशी तिथे लिहितात. अर्ज विमा कंपनीकडे जातो आणि त्यावरून हप्ता ठरतो.